गोठ्याच्या कवाडाची नळी

"सुटलो, कळो सुटलो!"

पुढच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं आणि देवळातली सगळी डोकी एकदम गाभाऱ्याकडे झुकली. आम्हा बायकांना खांबांच्या पुढे जायची मुभा नव्हती, म्हणून मी टाचा उंचावून बघत होते. रवळनाथाच्या काळ्या पाषाणाला राघो गुरवाने पाण्यात भिजवून तीन कळे, म्हणजे फुलांच्या पाकळ्या, चिकटवल्या होत्या. समोर केळीच्या पानावर बंदुकीच्या तीन नळ्या मांडल्या होत्या. प्रत्येक नळीच्या नावाने एक कळा. जिचा कळा आधी सुटून उजवीकडे पडेल ती नळी देवाची. याला आम्ही कौल म्हणतो. सोयरिकीपासून विहिरीपर्यंत आमच्या गावात सगळं कौलावर चालतं, आणि देवाचा शब्द एकदा पडला की त्यावर माणसाचा शब्द चालत नाही.

"खयची?" भाऊ गावकरांनी विचारलं. गावाचे पहिले मानकरी ते. त्यांनी विचारल्याशिवाय गुरवाचं तोंड उघडत नसे.

"तिसरी," राघो म्हणाला. "ती कडेची."

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांनी एका आवाजात देवाला होकार भरला आणि ढोलावर टिपरी पडली.

मी मात्र माझ्या भावाकडे बघत होते. या तिन्ही नळ्या त्यानेच आणल्या होत्या. न्हानू मेस्त्री, माझा धाकटा भाऊ. बंदुका बनवणं आणि दुरुस्त करणं हा माझ्या माहेरचा पिढीजात धंदा, त्याचा परवाना संस्थानाच्या काळापासून आमच्या घरात. न्हानूने सगळ्यांबरोबर हात जोडले होते, पण त्याचे ओठ हलत नव्हते आणि तोंडावरचं रक्त पार उतरलं होतं. कौल मिळाल्यावर माणूस असा दिसत नाही.

ती बंदूक ठासणीची होती. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा घालायचा, लोखंडी गजाने ठासायचं आणि मग घोडा ओढून बार काढायचा. डुकरं आणि माकडं हाकायला अशा परवान्याच्या बंदुका आमच्या भागात बऱ्याच घरांत असतात. पण ही देवाची. दसऱ्याच्या दिवशी देवळासमोर तिचा बार झाल्याशिवाय आपट्याच्या पानाला कोणी हात लावायचा नाही. तो बार काढायचा मान माझ्या सासरचा. माझे सासरे त्या आवाजाने एका कानाने बहिरे झाले होते आणि तो बहिरेपणाही पदकासारखा मिरवायचे. त्यांच्यानंतर मान घरकारांकडे आला, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे, लवूकडे. आदल्या दसऱ्याला बार काढला तेव्हा जुन्या नळीच्या बगलेतून धूर निघाला. गंजाने नळी खाल्ली होती. म्हणून नवी नळी घालायची ठरलं, आणि ती कुठली घालायची हे देवाला विचारायचं ठरलं.

घटस्थापनेचा तो दिवस होता. दसऱ्याला बार व्हायचा होता.

दुपारी न्हानू माझ्या घरी आला तो पुढच्या दाराने नाही, मागच्या परसातून. मी चुलीला झावळ्यांच्या पिड्या, म्हणजे जाड देठं, तोडत होते. तो पाण्याच्या पाटाच्या कडेला दगडावर बसला आणि डोकं धरून म्हणाला, "बाय, माझा मराण इला गो."

"काय झाला ता नीट सांग."

"ती तिसरी नळी बंदुकीची न्हय."

"मगे कसली?"

"आपल्या गोठ्याच्या कवाडाक अडसर लावतंव, ठावक आसा मा तुका? तोच."

मला आधी हसूच फुटलं. लहानपणापासून रोज संध्याकाळी मी तो अडसर सरकवला होता. म्हशीने अंग घासून घासून तो एका बाजूने चकचकीत केला होता. पण हसता हसता मला त्या अडसराची जन्मकथा आठवली.

ती नळी आमच्या बापाने तरुणपणी घडवली होती. लोखंडाची पट्टी तापवून सळईवर गुंडाळायची आणि ठोकून सांधायची, असं ते काम. तो सांधा नीट बसला नाही. बापूस प्रत्येक नळी दोरीला टांगून चिंचेच्या काठीने ठोकून बघायचा. चांगली नळी देवळातल्या घंटेसारखी वाजायची आणि नाद लांबवर जायचा. ही मात्र भदाक करून गप्प झाली. आत कुठेतरी लोखंड लोखंडाला धरत नव्हतं. बापसाने ती गोठ्याला लावली आणि आम्हा दोघांना बजावलं, हिच्यात कधी दारू घालाल तर हातापायांनिशी घरी येणार नाही.

"मगे ती देवळात हाडलंस कित्याक, मेल्या?"

"माझ्याकडे बऱ्यो अशो दोनच नळयो व्हत्यो. राघो म्हणालो, देवाक दोनातली एक विचारूची नसता, तीन होयेत. मी म्हटला, एक भरतीक घालूया. राखेन घासलंय, त्याल लावलंय. देव काय गोठ्याचो अडसर निवडतलो?"

"निवडल्यान."

"निवडल्यान गो बाय."

कोंबड्या पायात घोटाळत होत्या. मला राग यायला हवा होता, पण न्हानूवर मला कधी नीट रागावताच आलं नाही. आई गेली तेव्हा तो माझ्या कडेवर होता.

"घराक हाड आणि बदलून टाक," मी म्हटलं.

"कशी हाडू? गावकरांनी धागो बांधून शेंदूर लावलो. लाकडाच्या दस्त्याक बसवूची ती पण थयच, देवळात, सगळ्यांच्या डोळ्यांम्होरं."

"मगे गावकरांका खरा काय ता सांग."

"काय सांगू? रवळनाथाम्होरं म्हशीचो अडसर ठेवलंय म्हणान? गाव माका वाळीत टाकीत. आणि बापाशीचा नाव?"

"आधी झाडाक बांधून, लांबसून सुतळी ओढून बार काढून बघूया, असा तरी सांग. आपले बापूस करायचे तसा."

"ता सांगलंय," न्हानू म्हणाला. "गावकर म्हणालो, देवान दिली ती नळी तू तपासतलंस? देवापेक्षा शाणो तू?"

इकडे आड आणि तिकडे विहीर. मला डोळ्यांसमोर दुसरं काही दिसत नव्हतं, फक्त घरकारांचे हात दिसत होते. बंदूक खांद्याला लावली की डावा हात नळीखाली असतो आणि गाल दस्त्यावर. सांधा फुटला तर हात आणि तोंड, दोन्ही एकदमच जाणार.

"भावजींका सांगूया," न्हानू म्हणाला. "तेंचो जीव आसा."

"नको," मी म्हटलं.

हे मी म्हटलं, न्हानूने नाही. माझा नवरा मला माहीत होता, असं मला वाटत होतं. बाराच्या मानासाठी हा माणूस आठवडाभर आधी फेटा धुऊन ठेवायचा. तापात फणफणत एका दसऱ्याला उभा राहिला होता. त्याला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, देवाने दिली आहे, मला काय होणार. आणि मग मुद्दाम छाती काढून गेला असता. घरातल्या पुरुषाला सगळं सांगायचं नसतं, हे मी सासूकडून शिकले होते आणि सासू तिच्या सासूकडून.

"तेंका सांगलंस तर ते आदी जातीत," मी म्हटलं. "तूच कायतरी कर."

न्हानूने पायातली कोंबडी बाजूला सारली. मग उठला.

"बरा. मी बघतंय काय ता. पण बाय, ह्या कोणाक सांगा नको. भावजींका तर केवाच नको. माझी आण आसा तुका."

मी आण घेतली. चहा तसाच ठेवून तो गेला.

त्या नवरात्रात घरकार फारसे बोलले नाहीत. एरवीही ते बोलके नव्हतेच, त्यामुळे मला त्यात काही वेगळं दिसलं नाही. संध्याकाळी कामावरून आले की ओसरीच्या कठड्यावर बसायचे. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "न्हानू इल्लो?"

"व्हय."

"काय म्हणालो?"

"काय म्हणतलो? बसलो, गेलो."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी सूप घेऊन तांदूळ पाखडायला बसले. मान वर करावी लागू नये म्हणून मी जोरजोरात पाखडत होते.

पण कामं मात्र त्यांनी त्या दिवसांत सपाटून केली. छपराची सैल झालेली कौलं नीट बसवली. विहिरीचा रहाट दुरुस्त केला. बियाण्याची कणगी उघडून मला दाखवली, यातलं कुठलं भात कुठल्या मळ्यात पेरायचं ते सांगितलं. "माका कशाक सांगतात?" मी म्हटलं, तर म्हणाले, "ठावक असलेला बरा." जावेकडे मी कौतुक केलं, की दसऱ्याआधी आमच्या घरात एवढं काम कधी झालं नव्हतं. बघा माझी अक्कल.

जेवायला मात्र ते दोन घासांवर उठत. मी म्हटलं उपास असेल. न्हानू काय करणार ते मला माहीत नव्हतं आणि विचारायला माहेरी जायची सोय नव्हती. दिवसभर कामात, आणि काम नसेल तेव्हा मनात घालमेल, असे ते दिवस मी ओढले. कधी एकदा दसरा येतो आणि जे व्हायचं ते होऊन जातं, असं व्हायला लागलं होतं.

दसऱ्याला दुपार कलताना देवळासमोरचं पटांगण माणसांनी भरलं. न्हानूने सगळ्यांच्या समोर नळी दस्त्याला बसवली. तो कामात हुशार होताच. गोठ्याचा अडसर आता असा दिसत होता की जणू विलायतेहून आला आहे. गावकरांनी बंदुकीला हळदकुंकू वाहिलं, हार घातला, राघोने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा रवळनाथा, तुझ्या बाराचो मानकरी तुझ्या पायाकडे उभो आसा, तेका सुखी ठेव म्हाराजा," आणि सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले. त्या वेळी मीही म्हणाले. एवढ्या मनापासून मी आयुष्यात दुसऱ्यांदा म्हणाले नाही.

घरकार पुढे झाले. फेटा बांधलेला, अंगरखा स्वच्छ. त्यांनी बंदूक घ्यायला हात पुढे केले. न्हानूने ती दिली नाही.

"भावजी, वायच थांबा," तो म्हणाला. मग गावकरांकडे वळून मोठ्याने बोलला, "नवी नळी बसवली की पयलो बार बसवणाऱ्याचो. आमच्यात तशी रीत आसा."

"खयची रीत?" गावकर म्हणाले. "मी जन्मात आयकूक नाय."

"तुमच्या जन्मात नवी नळी बसवली खय?"

लोक हसले. गावकरांना ते आवडलं नाही. न्हानूने आमच्या आज्याचं, पणज्याचं नाव घेऊन कुठल्या कुठल्या संस्थानिकांसमोर असे पहिले बार झाले ते खुशाल सांगायला सुरुवात केली. त्यातला एकही खरा नव्हता. आमचा पणजा कधी गावाबाहेर गेला नव्हता.

"माझो मान आसा," घरकार हळू म्हणाले.

"दुसरो बार तुमचो, भावजी. मी खय मान खातंय?"

मागून कोणीतरी म्हणालं, "लवू, मेव्हण्यान उडवल्यान रे तुका!" आणि पुन्हा हशा पिकला. मुहूर्त चालला होता. गावकर वैतागून म्हणाले, "काढ बाबा, काढ एकदा. पण लवकर."

तेव्हा माझ्या जिवात जीव आला, कारण मला वाटलं न्हानूची युक्ती मला कळली. तो हलका बार भरेल, नावापुरती दारू घालेल, फुस्स आवाज निघेल आणि मग म्हणेल, नळीत खोट आहे. पण मग त्याने शिंगातली दारू मापात ओतली, माप नळीत रिकामं केलं, आणि परत भरलं. तेही नळीत गेलं. आजूबाजूला पुरुष उभे होते, पण ते हसण्याबोलण्यात होते. ते माप किती आणि नळी किती, हे भात्यापाशी वाढलेल्या मलाच कळत होतं. बापूस नवी नळी झाडाला बांधून तपासायचा तेव्हा एवढी दारू घालायचा.

मला समजलं. हलक्या बाराने ती आज वाचली असती तर पुढच्या वर्षी घरकारांच्या हातात गेली असती, नाही तर त्याच्या पुढच्या. म्हणून त्याला ती आजच फोडायची होती. झाडाच्या जागी तो स्वतः उभा राहिला होता.

तो गज ठासत होता. बार पुरता बसला की गज उडी मारतो, तसा तो उडायला लागला. न्हानूने मान वर केली आणि गर्दीत मला शोधलं. मी ओरडले असते तर त्याच्या हातातली बंदूक काढून घरकारांच्या हातात दिली गेली असती. आपलेच दात आणि आपलेच ओठ. माझं तोंड उघडलं नाही. न्हानूने जरासं हसल्यासारखं केलं, बंदूक खांद्याला लावली आणि तोंड जितकं होईल तितकं बाजूला फिरवलं.

आवाज असा झाला की देवळाच्या छपरातली कबुतरं एकदम उडाली आणि जवळ बांधलेला बैल दावं तोडून पळाला. धुराचा लोट सगळ्यांच्या अंगावर आला. त्या धुरात मला काही दिसेना. मी बायकांची जागा सोडून माणसांना ढकलत पुढे गेले, मुभा असो नसो.

न्हानू मातीत बसला होता. खांदा धरून. दोन्ही हात जागेवर होते. बंदूक मांडीवर होती आणि नळी अख्खी होती. त्याने बोटाने तिचा सांधा चाचपला, एकदा, परत एकदा, आणि मग तो हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसत होता.

"देवाची नळी!" गावकर म्हणाले. "असो बार मी उभ्या जन्मात आयकूक नाय!"

मग घरकारांनी बंदूक घेतली. शांतपणे नेहमीचं माप भरलं आणि बार काढला. त्या आधीच्या आवाजापुढे तो लग्नातल्या फटाक्यासारखा वाटला. लोकांनी त्याच्याकडे लक्षसुद्धा दिलं नाही, सगळे आपट्याकडे धावले होते. घरकारांनी बंदूक देवळाच्या पायरीला टेकवली, न्हानूकडे बघितलंही नाही, आणि सोनं न घेता घरी निघून गेले.

माझ्या बापाचं चुकलं होतं, की त्या लोखंडाचं, की खरंच देवाच्या मनात होतं, ते मला सांगता येणार नाही. न्हानूलाही नाही सांगता आलं. नळीवर त्याचा विश्वास मात्र कधी बसला नाही. म्हणूनच पुढच्या वर्षी गावकरांनी जेव्हा ठरवलं की त्या दिवशी देवाने न्हानूला राखलं, म्हणजे देवाला ते रुचलं, आणि ह्याच्यापुढे दर दसऱ्याला पहिला बार मेस्त्रीचा, दुसरा लवूचा, तेव्हा न्हानू नाही म्हणाला नाही. दर वर्षी येऊन तो आधी दोन मापांचा बार स्वतः काढायचा, सांधा चाचपायचा आणि मगच बंदूक मेव्हण्याच्या हातात द्यायचा. लोकांना वाटायचं, मेस्त्रीला मानाची चटक लागली. खोटी रीत चांगली मुरली. आता गावातली पोरं सांगतात की ती शिवकाळापासूनची आहे.

घरकारांनी न्हानूशी बोलणं टाकलं. भांडण नाही, शिवी नाही, काही नाही. न्हानू आमच्याकडे आला की ते मळ्यात जायचे. मला माहेरी जायला कधी अडवलं नाही, पण स्वतः त्या उंबऱ्याला पाय लावला नाही. दिवाळीला न्हानू ओवाळणी घेऊन येई, तेव्हा मी एकाला ओसरीवर वाढायची आणि दुसऱ्याला नंतर चुलीपाशी. माझ्याशीही ते तुटकच झाले. हवं नको एवढंच बोलणं. मी मनात म्हणायची, मानासाठी माणूस केवढा हा अढी धरतो. कितीदा ओठांवर आलं, की अहो, त्याने तुमचा जीव वाचवायला ते केलं. पण आण होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार मी वर्षानुवर्षं खाल्ला, आणि खाऊन खाऊन थकले. न्हानू म्हणायचा, "जांवदे बाय, भावजी जिते आसत मा? मगे रागावांदेत."

न्हानू गेला तो भाद्रपदात, साध्या तापाने. त्याला मुलगे नव्हते, धंदा त्याच्याबरोबरच संपला. मी निरोप मिळाल्याबरोबर निघाले, तर घरकार माझ्या आधी पायात वहाणा घालून अंगणात उभे. एवढ्या वर्षांनी ते माझ्या माहेरच्या घरात शिरले आणि न्हानूला त्यांनी खांदा दिला. वाटेत इतरांनी खांदे बदलले, त्यांनी बदलला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो. ते कठड्यावर बसले. मी पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि त्यांच्यासमोर खालीच बसले. आण घालणारा गेला होता. मी सगळं सांगितलं. अडसर, भरतीची तिसरी नळी, बापसाची ताकीद, दोन मापं दारू. सांगताना रडले. म्हटलं, तुम्ही त्याच्यावर फुकट राग धरलात.

घरकारांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माका ठावक होता."

"काय ठावक होता?"

"नळी बरी न्हय ती. कौल पडलो तेवा मी न्हानूच्या बाजूकच उभो होतंय. तेचा त्वांड बघलंय. मेस्त्र्याचा त्वांड असा पडला म्हंजे काय, ता समजाक काय इतको येडो मी?"

मी पदराने डोळे पुसले.

"मगे गेल्यात कशाक?" मी म्हटलं. "मान सोडूचो. नाय म्हणान सांगूचा."

"कसा सांगू? सगळ्या गावाम्होरं, माका भियां वाटता म्हणान? माका तर दर वर्षीच वाटायचा. बापाशीचो कान गेलो तेवापासून वाटायचा." त्यांनी तांब्यातला घोट घेतला. "मी सगळा नवरातर वाट बघलंय. म्हटला, ही मेस्त्र्याची लेक. हिचो भाव हिका सांगल्याशिवाय रवाचो नाय. ही एकदा म्हणात, जाव नकात. बायकोन अडवल्यान म्हणान लोक हसले असते, तर हसांदेत. मी घरात बसलो असतंय. रोज सांजचो हय बसान मी तुझ्या तोंडाकडे बघायचंय. तू तांदूळ पाखडत रवलंस."

"मी न्हानूक सांगलंय कायतरी कर म्हणान..."

"न्हानूक सांगलंस. माका नाय." त्यांच्या आवाजात रागही नव्हता. "मी समाजलंय, मी मेलंय तरी हिका चलता. न्हानूवर माझो राग नव्हतो गो. तेणा जीव घातल्यान माझ्यासाठी. पण तेच्याकडे बघला की माका आठवायचा, ह्या माणसाक माझी दया इली आणि घरच्या माणसाक नाय."

अंगणात ऊन उतरत होतं. माझ्या मनात एवढंच आलं, की इतकी वर्षं मी या माणसाला दोन्ही वेळा वाढलं आणि याच्या पोटात काय आहे ते मला माहीत नव्हतं. त्याच्या जिवासाठी मी भावाला पुढे केला, आणि त्याला वाटत राहिलं की मी त्याला मरायला पाठवला. ते थकलेले दिसत होते, दोन्ही खांदे खाली आलेले, एकावर अजून न्हानूच्या तिरडीच्या बांबूचा वळ.

दसरा महिन्यावर आला होता. पहिला बार काढायला आता न्हानू नव्हता. मान परत आमच्या घरात येणार होता, आणि नळी तीच होती.

"अवो," मी म्हटलं.

"काय?"

"ह्या दसऱ्याक जाव नकात."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. एवढ्या वर्षांत बघितलं नव्हतं तसं, पुरतं मान वळवून.

"बरा," ते म्हणाले.